विश्लेषण : ‘स्मार्ट’ दिव्यावर रात्री भरवसा ठेवायचा का? बॅटरीचा दावा आणि अंधारातला हिशेब

रंग बदलणारे, आवाजावर चालणारे, चाहूल लागताच पेटणारे दिवे आता मध्यमवर्गीय घरांत सर्रास दिसतात. खोक्यावर कुठे ‘दोन वर्षे बॅटरी’, कुठे ‘चार तास बॅकअप’, तर कुठे ‘२५ हजार तास आयुष्य’ असे लिहिलेले असते. या आकड्यांचा खरा अर्थ काय? वीज गेली, इंटरनेट बंद पडले, उन्हाळा वाढला, तर यातले कोणते दिवे साथ देतात आणि कोणते देत नाहीत?

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. आमचे घर अकोल्याचे. आजी ७८ वर्षांची. रात्री दोन-तीनदा उठते. तिला अंधारात बटण शोधावे लागू नये म्हणून मागच्या वर्षी मी पुण्याहून जाताना एक वाय-फाय बल्ब आणि चाहूल ओळखणारा सेन्सर घेऊन गेलो. तिच्या खोलीतून न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळात दोन्ही बसवले. आजी उठली की दिवा पेटायचा, तीन मिनिटांनी आपोआप विझायचा. घरात सगळ्यांना कौतुक वाटले. इंजिनीअरिंग शिकल्याचा काहीतरी उपयोग झाला, असे मलाही वाटले.

एक अडचण होती. स्मार्ट बल्बला सतत वीज लागते. कुणी सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले की सगळी ‘स्मार्ट’ व्यवस्था तिथेच संपते. आजी नेमकी तेच करायची. म्हणून मी त्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली.

मे महिन्यातल्या एका रात्री वळवाचा पाऊस आला. वीज पाच-सहा वेळा गेली आणि आली. त्यानंतर आजी उठली तेव्हा बोळातला दिवा नीट पेटण्याऐवजी उघडझाप करत होता. ती बटणापर्यंत गेली, चाचपडली, हाताला पट्टी लागली. ती ओढायच्या नादात तोल गेला. मनगटाचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी फोनवर तिने एवढेच विचारले, “बटनाले पट्टी कोनं लावली रे बाप्पा?”

त्या रात्री बल्ब खराब झाला नव्हता. तो त्याला शिकवल्याप्रमाणेच वागत होता. तसे का, हे समजून घेतले तर दिवे विकत घेताना आपण कोणता प्रश्न विचारायला विसरतो, हेही लक्षात येते.

वीज जाऊन-येऊन झाली की बल्ब का बिथरतो?

साध्या बल्बला दोनच अवस्था माहीत असतात, चालू आणि बंद. स्मार्ट बल्बच्या आत मात्र एक छोटा संगणक असतो. तो तुमच्या वाय-फायशी जोडायचा कसा? बल्बवर ना पडदा असतो ना बटण. म्हणून अनेक उत्पादकांनी एक युक्ती काढली. भिंतीवरचे बटण ठरावीक वेळा, साधारण तीन ते पाच वेळा, भराभर चालू-बंद केले की बल्ब जुने सगळे विसरतो आणि नव्या जोडणीसाठी उघडझाप करू लागतो.

ज्या देशात वीज वर्षातून एखाद्या वेळी जाते, तिथे ही युक्ती चांगलीच आहे. आपल्याकडे वादळवाऱ्यात वीज मिनिटभरात चार वेळा ये-जा करते. बल्बला वाटते मालकच बटण दाबतो आहे. तो सगळे विसरतो आणि लुकलुकत बसतो. आमच्या बोळात हेच झाले. हे बिघाडाच्या यादीत येत नाही, कारण बल्बच्या दृष्टीने सगळे नियमाप्रमाणे घडलेले असते.

दुसरा प्रकार याच्या उलट. रात्री अडीचला गेलेली वीज तीनला येते आणि झोपायच्या खोलीतला स्मार्ट बल्ब पूर्ण प्रकाशात पेटतो. वीज आली म्हणजे मालकाने बटण लावले असावे, असा त्याचा समज. चांगल्या उत्पादनांत ‘वीज परत आल्यावर काय करायचे’ ही सोय ॲपमध्ये असते : पेटायचे, बंद राहायचे, की आधी होता तसे. खरेदीपूर्वी ही सोय आहे का, हे पाहा. बोळ, जिना, न्हाणीघर अशा जागी ‘पेटायचे’ ठेवा. झोपायच्या खोलीत ‘आधी होता तसे’ ठेवा.

इंटरनेट बंद पडले तर दिवा लागणार का?

याचे उत्तर दिवा कोणत्या भाषेत बोलतो यावर आहे. बाजारात ढोबळ मानाने तीन मार्ग आहेत.

पहिला, वाय-फाय बल्ब. हा थेट घरातल्या राउटरशी जोडला जातो. वेगळे यंत्र लागत नाही, म्हणून सर्वांत स्वस्त. पण स्वस्त बल्बांपैकी अनेकांची आज्ञा तुमच्या फोनवरून आधी उत्पादकाच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून परत तुमच्या छताला येते. मधला कुठलाही दुवा तुटला की ॲप फिरत राहते. शिवाय वीज आल्यावर बल्ब लगेच सुरू होतो, पण राउटर आणि फायबरचा डबा सावरायला दोन-तीन मिनिटे घेतात. तेवढा वेळ बल्ब फोनचे काहीच ऐकत नाही.

दुसरा मार्ग झिगबीचा. फिलिप्स ह्यूचे दिवे २०१२ मध्ये आले ते याच तंत्रावर. यात घरात एक छोटा डबा, म्हणजे हब, ठेवावा लागतो. फायदा असा की बल्ब आणि सेन्सर यांचे बोलणे घरातल्या घरात होते. इंटरनेट गेले तरी सेन्सरने दिवा पेटतो. विजेवर चालणारा प्रत्येक बल्ब शेजारच्या उपकरणाचा निरोप पुढे पोहोचवतो, त्यामुळे जाळे मजबूत होते. मात्र कुणी भिंतीवरून एक बल्ब बंद केला, तर त्याच्या आधाराने बोलणारे सेन्सरही काही काळ मुके होऊ शकतात.

तिसरा मार्ग मॅटर आणि थ्रेड यांचा. मॅटर हे निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून तयार केलेले मानक. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. थ्रेड हे झिगबीसारखेच कमी विजेवर चालणारे जाळे. मॅटरची रचनाच अशी आहे की रोजचे चालू-बंद घरातल्या जाळ्यावरून व्हावे, त्यासाठी इंटरनेटची गरज पडू नये. ही दिशा योग्य आहे. तरी त्यासाठी घरात एखादा हब किंवा स्मार्ट स्पीकर लागतो, आणि तोही विजेवरच चालतो.

आवाजाच्या आज्ञांचे काय? त्या बहुतांशी इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर समजून घेतल्या जातात. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, ॲमेझॉनच्या अमेरिकेतील क्लाउड केंद्रात बिघाड झाला आणि अलेक्सासह अनेक सेवा काही तास अडखळल्या. हजारो मैलांवरच्या केंद्रात काहीतरी बिघडते आणि आपल्या दिवाणखान्यातला दिवा ऐकेनासा होतो, हे या व्यवस्थेचे वास्तव आहे.

कंपनीनेच दुकान गुंडाळले तर?

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील इन्स्टिऑन या कंपनीने एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकांना पूर्वसूचना न देता सर्व्हर बंद केले. एका सकाळी ॲप चालेनासे झाले. पुढे काही ग्राहकांनीच एकत्र येऊन कंपनी विकत घेतली आणि सेवा पुन्हा सुरू केली. त्या मधल्या काळात ज्यांच्याकडे भिंतीवर इन्स्टिऑनची बटणे होती, त्यांचे दिवे हाताने चालत राहिले. दूरून चालवण्याची सोय गेली, पण घरात अंधार पडला नाही.

बेल्किन या कंपनीने जुलै २०२५ मध्ये वीमो मालिकेतील बहुतेक स्मार्ट उपकरणांची क्लाउड सेवा ३१ जानेवारी २०२६ पासून थांबवण्याचे जाहीर केले. ॲपलच्या होमकिटशी आधीच जोडलेली उपकरणे त्यातून वाचली, कारण त्यांचा कारभार घरातल्या घरात चालत होता. फिलिप्स ह्यूच्या पहिल्या पिढीतील गोल हबचा आधारही ३० एप्रिल २०२० रोजी संपला. तेव्हाही घरातल्या जाळ्यावरून दिवे चालवण्याची सोय ठेवली गेली.

तिन्ही उदाहरणांत वाचले ते घरातल्या घरात चालणारे. एलईडी बल्बचे आयुष्य खोक्यावर दहा-बारा वर्षांचे लिहिलेले असते. पण त्याला चालवणारे ॲप तेवढी वर्षे टिकेल याची हमी कुठेच लिहिलेली नसते.

‘दोन वर्षे बॅटरी’ हा दावा कसा वाचायचा?

बॅटरीचे आयुष्य हा साधा भागाकार आहे. सेलमध्ये किती वीज साठली आहे, भागिले उपकरण किती खाते. गोम सगळी दुसऱ्या आकड्यात आहे.

घड्याळात किंवा गाडीच्या चावीत असतो तसा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल घ्या. त्यात साधारण २२० मिलीॲम्पिअर-तास वीज असते. झिगबीचा सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो. झोपेत तो समजा ५ मायक्रोॲम्पिअर खातो. भागाकार केला तर ४४ हजार तास, म्हणजे पाच वर्षे येतात. प्रत्येक वेळी चाहूल लागली की तो जागा होतो, निरोप पाठवतो, पुन्हा झोपतो. हा जागरणाचा खर्च धरला की पाचाची दोन वर्षे होतात. दावा खोटा नाही.

आता वाय-फायचे पाहा. वाय-फाय चिप सतत जागी राहून ऐकत बसली तर ती ८० मिलीॲम्पिअरच्या आसपास खाते. तोच सेल तिला लावला तर हिशेबाने पावणेतीन तास पुरेल. प्रत्यक्षात एवढा प्रवाह तो सेल देऊही शकणार नाही. म्हणूनच बॅटरीवर चालणारे वाय-फाय सेन्सर बराच वेळ जोडणी तोडून झोपतात. जागे झाल्यावर पुन्हा राउटर शोधतात आणि मग निरोप देतात. सेन्सरपुढून माणूस निघून गेल्यावर दिवा पेटतो तो अनेकदा यामुळे. थोडक्यात, बॅटरी वाचवायची तर वेग जातो आणि वेग हवा तर बॅटरी जाते. झिगबी आणि थ्रेडमध्ये ही ओढाताण बरीच कमी आहे.

कपाटात किंवा पायऱ्यांवर चिकटवायचे, यूएसबीवर चार्ज होणारे सेन्सर दिवे आता फार लोकप्रिय आहेत. त्यांचाही हिशेब घरी करता येतो. समजा दिव्यात ५०० मिलीॲम्पिअर-तासांची बॅटरी आहे, पेटल्यावर तो १०० मिलीॲम्पिअर खातो आणि प्रत्येक वेळी २० सेकंद पेटतो. कपाटात दिवसाला २० वेळा पेटला तर रोजचा खर्च साधारण ११ मिलीॲम्पिअर-तास होतो. सेन्सरच्या स्वतःच्या भुकेचा एखादा मिलीॲम्पिअर-तास त्यात मिळवा. बॅटरी ४० दिवस पुरेल. तोच दिवा पाच माणसांच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी लावला आणि दिवसाला १५० वेळा पेटला, तर खर्च ८४ पर्यंत जातो. बॅटरी सहाव्या दिवशी संपते. दिवा तोच, खोक्यावरचा दावा तोच. फरक फक्त जागेचा.

म्हणून ‘किती महिने बॅटरी’ हा आकडा ‘दिवसाला किती वेळा’ या आकड्याशिवाय निरर्थक आहे. तो दुसरा आकडा खोक्यावर क्वचितच असतो. शिवाय हब लांब असेल, मध्ये दोन भिंती असतील, तर सेन्सरला एकच निरोप पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो आणि सेल लवकर संपतो. सेल बदलूनही तो पुन्हा लवकर बसत असेल, तर आधी हबची जागा बदलून पाहा.

इन्व्हर्टर बल्बचा ‘चार तास बॅकअप’ किती खरा?

याला कुणी स्मार्ट दिवा म्हणत नाही. पण महाराष्ट्रातल्या घरांत बॅटरीवरचा दिवा म्हणून सर्वाधिक भरवसा याच्यावर आहे. भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, त्या पिढीला हा बल्ब चमत्कारच वाटतो.

९ वॉटच्या अशा बल्बमध्ये समजा २२०० मिलीॲम्पिअर-तासांचा ३.७ व्होल्टचा लिथियम सेल आहे. त्यातली एकूण ऊर्जा सुमारे ८ वॉट-तास झाली. बल्ब पूर्ण ९ वॉटवर पेटला तर ती पाऊण-एक तासात संपेल. चार तास टिकायचे तर २ वॉटवरच जळावे लागेल. म्हणजे वीज गेल्यावर प्रकाश साधारण पाव होतो. चार तास हा आकडा खरा असू शकतो, पण तो ९ वॉटच्या प्रकाशाचा नसतो. ठळक अक्षरांत बॅकअपचे तास असतात. बॅकअपमधला प्रकाश किती ल्युमेन, हे शोधावे लागते आणि अनेकदा सापडत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हा बल्ब भिंतीवरचे बटण चालू असतानाच चार्ज होतो. पूर्ण चार्ज व्हायला आठ तास लागत असतील आणि तो तुम्ही न्हाणीघरात लावला असेल, जिथे दिवसभरात दिवा अर्धा तास लागतो, तर त्याला चार तासांचा बॅकअप कधी मिळणारच नाही. अर्ध्या तासाच्या चार्जिंगवर तो पाव तास पेटेल आणि विझेल. मग आपण कंपनीला नावे ठेवतो. हा बल्ब दिवाणखान्यात किंवा स्वयंपाकघरात, जिथे दिवा रोज पाच-सहा तास लागतो, तिथेच शोभतो.

तिसरी गंमत. वीज गेली आहे की कुणी बटण बंद केले आहे, हे बल्बला कसे कळते? बटण चालू असेल तर तारेतून, घरातल्या फ्रिज-पंख्यांतून, बाहेरच्या जाळ्यातून फिरून येणारी एक वाट जोडलेली असते. बटण बंद असेल तर ती तुटलेली असते. बल्ब तीच वाट तपासतो. बल्बचा खालचा भाग हातात धरला तरी तो पेटतो, तेही याच कारणाने. तळहात ती वाट पूर्ण करतो. याचा तोटा असा की घराचा मुख्य एमसीबी पडला आणि आत दुसरे कोणतेही उपकरण चालू नसेल, तर वाट तुटते आणि बल्ब पेटत नाही. म्हणजे शॉर्टसर्किट होऊन अंधार झाला, नेमक्या त्याच वेळी तो दगा देऊ शकतो.

उन्हाळ्याचा याच्याशी काय संबंध?

फार मोठा. विशेषतः आमच्या विदर्भात.

चाहूल ओळखणारे बहुतेक स्वस्त सेन्सर पीआयआर प्रकारचे असतात. ते माणूस ‘पाहत’ नाहीत. शरीराची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक हलला की ते जागे होतात. शरीराच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण ३३-३४ अंश. डिसेंबरच्या रात्री भिंत १८ अंशांवर असते, तेव्हा माणूस सेन्सरला ठळक दिसतो. मे महिन्यात दिवसभर ४४-४५ अंश तापलेल्या घराच्या भिंती मध्यरात्रीही पस्तिशीत असतात. तेव्हा फरक जवळजवळ उरत नाही. सेन्सरला माणूस उशिरा दिसतो किंवा दिसतच नाही. जानेवारीत उत्तम चालणारा दिवा मेमध्ये ‘बिघडतो’ तो यामुळे.

उष्णतेचा दुसरा मार बॅटरीवर. लिथियम सेलला दोन गोष्टी मानवत नाहीत : उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेले असणे. इन्व्हर्टर बल्बमध्ये सेल एलईडीच्या आणि चार्जिंगच्या सर्किटच्या शेजारीच कोंबलेला असतो आणि रोज पूर्ण भरलेला असतो. पहिल्या वर्षी तीन तास चालणारा बल्ब दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अर्ध्या तासावर येतो, त्यात नवल नाही.

तिसरा मार ‘२५ हजार तास’ या दाव्यावर. रोज पाच तास धरले तर हे साडेतेरा वर्षे होतात. पण हा आकडा सहसा एलईडीचा प्रकाश ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. एलईडीच्या आधी जातो तो त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर, आणि त्यातले कपॅसिटर. त्यांच्याबाबत अभियंते एक ठोकताळा मानतात : तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे. बंद काचेच्या गोळ्यात किंवा खोल फॉल्स सीलिंगमध्ये कोंडलेला बल्ब लवकर का जातो, याचे उत्तर यात आहे. स्मार्ट बल्बच्या आत तर रेडिओ आणि प्रोसेसरही असतात. त्याला हवा खेळती राहील अशाच ठिकाणी लावा.

‘बंद’ असलेला स्मार्ट बल्ब किती वीज खातो?

आज्ञा ऐकण्यासाठी तो जागा असतो, म्हणून थोडी खातोच. युरोपीय संघाने अशा दिव्यांसाठी ही मर्यादा ०.५ वॉट ठेवली आहे. तेवढी धरली तर एका बल्बचे वर्षाला साधारण ४.४ युनिट होतात, दहा बल्बांचे ४४. बिल फार वाढत नाही. पण एक तुलना मजेशीर आहे. आपल्याकडे मिळणारा ‘झिरोचा’ एलईडी बल्बही अर्ध्या वॉटचा असतो. म्हणजे स्मार्ट बल्ब विझलेल्या अवस्थेत जेवढी वीज खातो, तेवढ्यात झिरोचा बल्ब वर्षभर रात्रंदिवस पेटू शकतो.

मग कोणत्या जागी काय लावावे?

माझे मत स्पष्ट आहे. दिव्याची विश्वासार्हता त्याच्या उत्तम दिवसावरून ठरत नाही, सर्वांत वाईट रात्रीवरून ठरते. आणि घरातल्या सगळ्या जागा सारख्या नसतात.

दिवाणखाना, टीव्हीमागची भिंत, गॅलरी : इथे हवी ती हौस करा. दिवा नाही लागला तर चिडचिड होईल, त्यापलीकडे काही नाही. वाय-फाय बल्ब चालेल.

कपाट, देवघराचा कोनाडा, पोटमाळा : यूएसबीवर चार्ज होणारे सेन्सर दिवे इथे उत्तम. वापर कमी, म्हणून बॅटरी टिकते.

अंगण, कुंपण : सौर दिवे सोयीचे. पण कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात आठवडाभर ऊन दिसत नाही, तेव्हा त्यांच्यावर एकट्यावर विसंबू नका.

जिना, बोळ, न्हाणीघर, वृद्धांची खोली : इथे बल्ब साधाच ठेवा. ‘स्मार्ट’ व्हायचेच असेल तर भिंतीवरच्या बटणामागे बसणारे छोटे रिले मॉड्यूल घ्या. त्यात नेहमीचे बटण नेहमीसारखेच चालते. इंटरनेट, ॲप, कंपनी, यांतले काहीही गेले तरी बटण दाबल्यावर दिवा लागतो. बहुतेक मॉड्यूलना न्यूट्रल तार लागते. आपल्याकडे ज्या स्विचबोर्डवर प्लग असतो तिथे ती सहसा मिळते. जिन्यातल्या दोन बाजूंच्या बटणांत मात्र अनेकदा नसते. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, यूट्यूब पाहून नव्हे.

काही बिनबॅटरीची बटणेही मिळतात. बटण दाबण्याच्या जोरातूनच ती वीज तयार करून निरोप पाठवतात. सीमेन्समधून २००१ मध्ये वेगळ्या झालेल्या एनओशन या जर्मन कंपनीने हे तंत्र रुजवले. सेल संपण्याचा प्रश्नच नाही. मात्र निरोप घेणाऱ्या बाजूला वीज लागतेच, हे विसरू नका.

घरच्या घरी चाचणी कशी करावी?

पाच मिनिटे लागतात आणि फोन लागत नाही. रात्री सगळे जागे असतानाच करा.

एक, राउटर बंद करा आणि प्रत्येक दिवा लावून पाहा. दोन, मुख्य स्विच बंद करून मिनिटभराने चालू करा. कोणते दिवे आपोआप पेटले, कोणते नाहीत, ते लिहून ठेवा. तीन, स्मार्ट बल्बचे बटण चार-पाच वेळा भराभर चालू-बंद करा. तो लुकलुकायला लागला तर वादळी रात्री काय होणार हे कळले. चार, मुख्य स्विच बंद असताना इन्व्हर्टर बल्ब पेटतो का आणि किती वेळ, ते घड्याळ लावून पाहा. पाच, आणि ही खरी चाचणी : घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला काहीही न सांगता खोलीत जाऊन दिवा लावायला सांगा. त्यांना तुम्हाला हाक मारावी लागली, तर ती व्यवस्था नापास.

नियमांत काय बदलायला हवे?

भारतात एलईडी बल्बना ब्युरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्सची नोंदणी लागते. बीईईचे स्टार लेबल किती विजेत किती प्रकाश हे सांगते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. स्वस्त आणि कमी विजेचा दिवा घरोघरी पोहोचवण्याचे काम झाले आहे. पुढचा टप्पा बॅटरीचा आणि सॉफ्टवेअरचा आहे. तिथे ग्राहक अजून खोक्यावरच्या जाहिरातीच्याच भरवशावर आहे.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, इंटरनेटशी जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांच्या उत्पादकाला सुरक्षा अपडेट किमान किती काळ देणार हे जाहीर करावे लागते. आपल्याकडेही दिव्याच्या खोक्यावर चार ओळी सक्तीच्या असाव्यात : बॅकअपमध्ये किती ल्युमेन आणि किती वेळ, दिवसाला किती वेळा पेटल्यास बॅटरी किती दिवस, इंटरनेटशिवाय दिवा चालतो की नाही, आणि ॲपला आधार कोणत्या वर्षापर्यंत. यासाठी नवे संशोधन लागत नाही. हे आकडे उत्पादकाच्या प्रयोगशाळेत आधीच असतात.

आणखी एक ओळ हवी : सेल बदलता येतो की नाही. इन्व्हर्टर बल्बचा सेल संपला की धडधाकट एलईडी आणि ड्रायव्हरसह पूर्ण बल्ब कचऱ्यात जातो, आणि तोही ओल्या-सुक्याच्या डब्यात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण बल्बच्या पोटात बॅटरी आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो ती परत कुठे देणार?

आणि अकोल्यातला बोळ?

आजीचे प्लास्टर निघून आता बरेच महिने झाले. मूठ अजून पूर्ण वळत नाही, पोळ्या लाटताना दुखते. बोळात मी आता साधा ९ वॉटचा बल्ब आणि त्याच्या बटणामागे रिले बसवून घेतला आहे. सेन्सरची आज्ञा त्याला मिळते, आणि नाही मिळाली तरी बटण आहेच. शेजारी झिरोचा बल्ब रात्रभर जळतो. तो घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे. उशाशी एक टॉर्च आहे. तिचे चार्जिंग बाबा दर रविवारी पाहतात.

स्मार्ट बल्ब मी पुण्याला परत आणला. माझ्या टेबलावर तो निळा, जांभळा, हवा तसा पेटतो. तिथे तो न पेटल्याने कुणाचे काही बिघडत नाही.

बटणावरची पट्टी आजीनेच काढली. तिचा चिकट डाग अजून तिथे आहे. घरी गेलो की तो पुसायचा असे दर वेळी ठरवतो, आणि मग राहूनच जाते.